डच स्टिल लाइफमधले प्राणी : मेलेले, जिवंत आणि चोरटे

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी,

मागे फुलांच्या चित्रांच्या धाग्यावर कोणीतरी (नाव घेत नाही, मामा समजून जातील) डच स्टिल लाइफचा (म्हणजे टेबलावर वगैरे मांडलेल्या वस्तूंच्या चित्रांचा) एका वाक्यात निकाल लावला होता, की कवटी काय, विझलेली मेणबत्ती काय, मेलेला ससा काय, सगळ्याचा अर्थ एकच, मरण अटळ आहे, चला पुढे. तेव्हापासून हात शिवशिवतायत. सतराव्या शतकातल्या त्या चित्रांत प्राणी इतके खच्चून भरलेत आणि इतक्या तऱ्हेच्या कामांना लावलेत की सगळ्यांच्या गळ्यात 'मृत्यूचं प्रतीक' ही एकच पाटी अडकवणं म्हणजे निव्वळ आळस आहे. आधी तो प्राणी बघा ना, कुठून आला, कोणी मारला, कोणी पाळला, कोणाच्या पैशाने आला. मग प्रतीकाचं काय ते बोलू.

सुरुवात माझ्या लाडक्या माणसापासून. ओट्टो मार्सेयस फान स्क्रीक, मृत्यू १६७८. हा पठ्ठ्या टेबलावरचं जेवण वगैरे काढायच्या भानगडीत फार पडलाच नाही, तो थेट जमिनीवर बसला. झाडाच्या बुंध्यापाशी अंधार, ओल, शेवाळं, अळंबी, एखादं काटेरी झुडूप, आणि त्यात साप, सरडे, बेडूक, गोगलगायी, पतंग. इटालियनमध्ये या प्रकाराला सोत्तोबोस्को म्हणतात, म्हणजे रानाचा तळ. रोममधल्या डच चित्रकारांच्या टोळक्याने त्याचं नाव ठेवलं होतं 'स्नुफलार', हुंगत फिरणारा, कारण हा कायम गवतात नाक खुपसून किडे आणि साप शोधत असायचा. परत आल्यावर अ‍ॅमस्टरडॅमजवळ दीमेनला त्याने पाणथळ जमिनीचा तुकडा घेतला आणि कुंपण घालून तिथे हेच जीव पाळले, रोज खायला घालायचा म्हणे. हे डच चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या आर्नोल्ड हाउब्राकेनने लिहून ठेवलंय, त्याला खुद्द फान स्क्रीकच्या बायकोने सांगितलं होतं. बिचारी. घरामागे साप पाळणाऱ्या नवऱ्याशी तिने संसार कसा केला असेल यावर वेगळा धागा निघेल.

आता खरी मजा. याच्या काही चित्रांतली फुलपाखरं पूर्ण रंगवलेली नाहीतच. पंखाच्या जागी आधी शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाचा थर द्यायचा, तो चिकट असतानाच खऱ्या फुलपाखराचा पंख त्यावर दाबायचा आणि अलगद उचलायचा. पंखावरचे खवले रंगात अडकून राहतात. मग धड, मिशा, पाय ब्रशने. साडेतीनशे वर्षांनी मायक्रोस्कोपखाली तेच खवले दिसतात, म्हणजे चित्रातलं फुलपाखरू हे अर्धं चित्र आणि अर्धं खरोखरचं फुलपाखरू आहे. आता याला नुसतं 'आत्म्याचं प्रतीक' म्हणून सोडून द्यायचं?

दुसरं टोक म्हणजे शिकारीची चित्रं. हेगच्या माउरित्सहाउस म्युझियममध्ये यान बाप्टिस्ट वेनिक्सचा एक तितर आहे, १६५०च्या आसपासचा. भिंत, भिंतीत खिळा, एका पायाला दोरी बांधून उलटा लटकवलेला पक्षी आणि भिंतीवर त्याची सावली, बस. ना टेबल, ना कुत्रा, ना बंदूक. पोटाकडची पिसं इतकी मऊ आहेत की हात पुढे जातो, आणि गार्ड लगेच खाकरतो. त्याचा मुलगा यान वेनिक्स मात्र बरोब्बर उलटा, त्याला थाट पाहिजे, बाग, दगडी कलश, हंस, ससे, मागे सूर्यास्त. हॉलंडमध्ये शिकारीचा हक्क मोजक्यांकडेच असायचा, मुख्यतः उमरावांकडे. अ‍ॅमस्टरडॅमचा गब्बर व्यापारी धान्य आणि मसाले विकून कितीही पैसा करो, मनात येईल तेव्हा हरीण मारायला जाऊ शकत नव्हता, पण मेलेल्या सशाचं दोन मीटरचं चित्र दिवाणखान्यात लावायला त्याला कोण अडवणार? म्हणजे ससा मेलाय हे खरं, पण तो मरणाबद्दल बोलत नाहीये, मालकाच्या ऐपतीबद्दल बोलतोय. पुढे जर्मनीतल्या योहान विल्हेल्म नावाच्या संस्थानिकाने कोलोनजवळच्या बेन्सबेर्गच्या महालासाठी यान वेनिक्सकडून असली भिंतभर चित्रं करवून घेतली. त्याला शिकारीची बंदी नव्हती अर्थातच.

मासे, शिंपले, माश्या, मांजरी यावर नंतर लिहितो. दमलो.

ऊनसावली | रविवार, सकाळी ८:१०

मस्त! वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ते फुलपाखराचं वाचून अंगावर काटा आला. चित्रांच्या लिंका द्या ना, शोधताना नावांचं स्पेलिंग लागत नाहीये.

देवबागकर | रविवार, सकाळी ९:२५

मासळीवर नंतर लिहितो म्हणालात पण आमका दम नाय, म्हणून मीच लिहितो. तुमच्या चित्रकारांपैकी आब्राहाम फान बेयेरन हा माणूस मला पटला. हेगला राहायचा, तिथून शेवेनिंगेनचा किनारा जवळ, आणि त्याची मासळीची चित्रं नेटवर झूम करून बघितली. सामनचे तुकडे, पाकट, लेप्याच्या जातीतला चपटा मासा, कुर्ल्या. कल्ले बघा, लालभडक आहेत. डोळा बघा, फुगीर आणि काळाशार. मासा ताजा आहे, शंभर टक्के. बाजारात आई जशी बोटाने दाबून बघते तसं हा ब्रशने दाबून बघतोय. ज्याने रोज मासळी घेतली नाही त्याला हे जमायचं नाही.

एक शंका मात्र आहे. मेजवानीच्या सगळ्या चित्रांत शेवंड लालबुंद. जिवंत शेवंड लाल नसतो, त्यांच्याकडचा तर काळपट निळा असतो, शिजवल्यावर लाल होतो. (त्यांच्या शेवंडाला मोठे डेंगे असतात, आमच्याला नसतात, ती जातच वेगळी.) म्हणजे बाजूला लिंबू अर्धं सोललेलं, द्राक्षं ताजी, आणि शेवंड शिजवून तयार. स्टिल लाइफ कसलं, हा तर वाढलेला ताट आहे. मरणबिरण काय नाय, भूक आहे ती.

खवचट मामा | रविवार, दुपारी १:०५

नाव घेतलं नाहीत तरी पोचलं. आता ऐका.

प्राणी आधी बघा हे म्हणणं गोड आहे, पण ज्यांनी ही चित्रं विकत घेतली त्यांच्या घरात बायबल होतं आणि त्याच्या शेजारी बोधचित्रांची (चित्र आणि खाली धडा) पुस्तकं होती. असली पुस्तकं लिहिणारा कवी याकोब कात्स तर घराघरात वाचला जायचा. प्रत्येक वस्तूतून धडा काढायची या लोकांना खोडच होती. १६१४ साली रूमर विस्खरने शंखशिंपल्यांचं एक बोधचित्र छापलं आणि त्याखाली जे लिहिलं त्याचा मतलब असा, की मूर्ख माणूस पैसा कशावर उधळेल काही सांगता येत नाही. शिंपले जमवणाऱ्यांना उद्देशून. म्हणजे बाल्टासार फान देर आस्टच्या चित्रात टेबलावर शिंपल्यांची रांग आणि वर एक माशी, हे बघताना तेव्हाच्या माणसाच्या मनात हा टोमणा येत नसेल असं तुम्हाला वाटतं? कवटीवर बसलेली माशी ही नुसती माशी नसते हो.

बाय द वे एडी द योंग या डच अभ्यासकाने अख्खी कारकीर्द यावर घालवली आणि स्वेतलाना आल्पर्सबाईंनी १९८३ साली त्यावर उलटी बाजू मांडली, की हे लोक दिसतं ते टिपत होते, प्रत्येक ठिकाणी कोडं शोधू नका. तुम्ही जे नवीन म्हणून सांगताय ते भांडण चाळीस वर्षं जुनं आहे.

पाटीपेन्सिल | रविवार, दुपारी २:४०

मामा, भांडण जुनं आहे हे मला माहीत आहे, पण आपल्याकडे त्यातली एकच बाजू पोचलीये ना, म्हणून तर धागा. आणि विस्खरचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते माझ्या कामाचं आहे. टोमणा कशाला मारावा लागतो? लोक वेड्यासारखे शिंपले विकत घेत होते म्हणूनच ना? १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, जहाजं मसाले आणायला जायची आणि खलाशी पेटीच्या कोपऱ्यात शंख-कवड्या कोंबून आणायचे. फान देर आस्टने ते रंगवले तेव्हा धडा शिकवायला रंगवले की गिऱ्हाइकाला त्याचा खजिना भिंतीवर बघायचा होता म्हणून? दोन्ही असू शकतं. मी एवढंच म्हणतोय की धडा हा फोडणीसारखा वरून आहे.

देवबागकर, शेवंडाचं निरीक्षण भारी आहे. आता हेरिंगबद्दल माझ्याकडून, कारण हॉलंडचा पैसा मसाल्याच्या आधी या माशावर उभा राहिला. समुद्रातच, जहाजावर, मासा पकडल्या पकडल्या एका छोट्या सुरीने कल्ले आणि आतड्याचा काही भाग काढायचा पण यकृत आणि स्वादुपिंड आत ठेवायचं, मग मिठात पिंपात. आत राहिलेल्या पाचकरसांनी मासा मुरतो. यामुळे जहाज कितीतरी आठवडे समुद्रात राहू शकायचं. म्हणून पीटर क्लासच्या त्या मळकट-तपकिरी चित्रांत पाव, बियर आणि कापलेलं हेरिंग असतं, ते बघायला गरिबाचं जेवण वाटतं पण देशाचा जमाखर्च आहे तो. आणि योसेफ द ब्रायचं १६५६ चं चित्र तर अफाट आहे, ड्रेस्डेनला आहे. मधे दगडी पाटीवर कविता कोरल्यासारखी लिहिलीये आणि भोवती हेरिंग आणि कांदे लटकवलेत, देवघर सजवतात तसे. कविता याकोब वेस्टरबानची, खारवलेल्या हेरिंगची स्तुती. त्यात हेरिंग खाल्ल्यावर पोट आणि मूत्र कसं खुलासेवार साफ होतं याचं वर्णन आहे. पादण्यासकट. मामा, यात मरणाचं प्रतीक शोधून द्या, मी तुम्हाला दोन हेरिंग पाठवतो.

बेडूकउडी | रविवार, संध्याकाळी ६:३०

धागा उशिरा दिसला. किड्यांच्या बाजूने मी बोलते, कारण फान स्क्रीक आमच्या गोटातला.

पहिलं म्हणजे त्याच्या चित्रांत साप फुलपाखरावर झेप घेतोय असं बरेचदा दिसतं. खऱ्या आयुष्यात युरोपातला गवती साप बेडूक खातो, फुलपाखरामागे धावत नाही. इतकी वर्षं साप पाळलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं होणं शक्यच नाही, म्हणजे इथे त्याने मुद्दाम नाटक रचलंय. तेव्हा मामांचा मुद्दा अगदी टाकाऊ नाही, इतकंच.

दुसरं, त्या काळी बहुतेक लोकांना वाटायचं की चिखलातून, कुजक्यातून जीव आपोआप निपजतात. मांसातून माशा, चिखलातून बेडूक. फान स्क्रीकचे अंधारे कोपरे बघताना हे डोक्यात ठेवा, ओल, कुज आणि त्यातून वळवळत येणारं आयुष्य. तो फ्लोरेन्सला तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याच्या आश्रयाला होता, आणि त्याच मेदिचींच्या दरबारात फ्रान्चेस्को रेदीने १६६८ मध्ये कापड लावलेल्या बरण्यांत मांस ठेवून दाखवलं की माशी बसू दिली नाही तर अळ्या होत नाहीत. चित्रं आणि प्रयोग एकाच छताखाली चाललेत म्हणा ना.

आणि राखेल राउसला कसं विसरलात? तिचे वडील फ्रेडरिक राउस अ‍ॅमस्टरडॅमचे नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ, घरात बरण्यांतून जपलेले प्राणी आणि माणसाचे अवयव, त्यावर लेस आणि फुलांची सजावट. १७१७ मध्ये रशियाच्या पीटर द ग्रेटने ते अख्खं संग्रहालय विकत घेतलं. अशा घरात वाढलेली पोरगी पंधराव्या वर्षी विलेम फान आल्स्टकडे शिकायला गेली आणि पुढे दहा मुलं सांभाळून ऐंशीच्या पुढेपर्यंत चित्रं काढत राहिली. तिचं फ्लोरेन्सच्या उफिझी म्युझियममधलं १७११ चं चित्र बघा, फळं, मक्याचं कणीस, कोपऱ्यात पक्ष्याचं घरटं, त्यात अंडी, आणि शेजारी टपलेला सरडा. सगळे फळांकडे बघतात. मी तासभर त्या सरड्याकडे बघितलंय, तो पुढच्या क्षणी काय करणार ते आपल्याला कळतं आणि तिने तिथेच ब्रश थांबवला. हे चित्र त्याच योहान विल्हेल्मने (ही त्याच्या दरबारची चित्रकार होती) सासऱ्याला, म्हणजे तिसऱ्या कोसिमो दे मेदिचीला भेट दिलं. सासऱ्याला देण्यासारखं आहेच.

निमूट | रविवार, रात्री ९:५०

मी शुद्ध शाकाहारी, त्यामुळे सगळा धागा डोळे अर्धे मिटून वाचला 😅 पण वाचला. एक भर घालते. २०१९ मध्ये केंब्रिजच्या ह्यूज हॉल कॉलेजच्या जेवणघरात फ्रान्स स्नायडर्सच्या कारखान्यातलं पक्ष्यांच्या बाजाराचं भलंमोठं चित्र होतं, मेलेले हंस, ससे, रानडुक्कर वगैरे, फिट्झविल्यम म्युझियमकडून उसनं आणलेलं. काही शाकाहारी विद्यार्थ्यांनी तक्रार केली की हे बघत जेवण घशाखाली उतरत नाही, आणि चित्र उतरवलं. बातम्यांत बरीच खिल्ली उडाली. मला मात्र त्या पोरांची बाजू समजते, समोर हंसाची मान लोंबतेय आणि तुम्ही वाटाण्याची उसळ खाताय, कसं जमायचं?

खवचट मामा | रविवार, रात्री १०:१५

स्नायडर्स अँटवर्पचा, म्हणजे फ्लेमिश. धागा डचांचा आहे. (हो, मी असाच आहे.) पण फरक खरंच दिसतो, फ्लेमिशांकडे सगळं दणदणीत, टेबल मोडेल एवढं, कुत्रे भांडतायत, मांजर मासा पळवतंय. डच त्या मानाने आवरून घेतात. अपवाद म्हणून रेम्ब्रांटचे मोर बघा, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, १६३९ च्या सुमाराचे. दोन मेलेले मोर, एक पायाने टांगलेला, एक खाली पडलाय आणि रक्ताचं थारोळं, मागे खिडकीतून एक मुलगी शांतपणे बघतेय. आपल्या माणसाला ते बघवत नाही, मोर मारतात होय कधी!

अर्धविराम | सोमवार, सकाळी ११:०२

ऑफिसात बसून वाचतोय, साहेब बाजूला गेलेत तेवढ्यात लिहितो.

पीटर क्लासचं १६२७ चं टर्की पायचं चित्र, राइक्सम्युझियमचंच. पायच्या वर टर्कीचं मुंडकं, पंख आणि शेपूट खोचून जिवंत असल्यासारखा बसवलाय, बाजूला कालवं, आणि पंचांगासारख्या पुस्तकाचं पान फाडून केलेली पुडी, त्यात मिरी. पुडी बघून एकदम किराणा दुकान आठवलं. आता हा टर्की मूळचा अमेरिकेतला. हाच पक्षी त्याच्या पंधरा वर्षं आधी, १६१२ मध्ये, गोव्याहून जहांगीराच्या दरबारात गेला. मुकर्रब खानाला बादशहाने गोव्याला पाठवलं होतं, पोर्तुगीजांकडच्या नवलाईच्या वस्तू आण म्हणून, त्यात हा आला. जहांगीराने आठवणींत त्याचं वर्णन लिहिलंय आणि चित्र काढायला सांगितलं, उस्ताद मन्सूरचा टर्की आज लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. एकच पक्षी, इकडे बादशहा त्याच्या गळ्याच्या लोंबत्या कातडीचे रंग बदलताना बघून चकित होतोय आणि तिकडे हार्लेममध्ये तो पायमध्ये.

डोडोचंही तसंच. रूलांट सावेरीने १६२६ च्या सुमारास काढलेला गोलमटोल डोडो सगळ्यांना माहीत आहे, पण मन्सूरचा म्हणून ओळखला जाणारा डोडो (सेंट पीटर्सबर्गला आहे) साधारण त्याच वेळचा आणि बराच सडपातळ. सावेरीचं १६२४ चं एक फुलांचं चित्र उट्रेख्टला आहे, त्यात ६३ जातींची फुलं आणि ४४ जातींचे प्राणी मोजलेत लोकांनी. पुष्पगुच्छ म्हणायचा की राणीची बाग?

आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचं निघालंच आहे तर, तिची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती, १६३७ पासून. अवशेष आहेत अजून. देवबागकरांना माहीत असेलच.

देवबागकर | सोमवार, दुपारी १२:२०

माहीत आहे तर काय, डच वखार म्हणूनच ओळखतात. भिंती उभ्या आहेत, बाकी झाडी.

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०:५५

अर्धविराम, टर्कीचा दुवा कडक! शिंपल्यांचं एक राहिलं होतं ते टाकतो. रेम्ब्रांटला शंखांचा नाद होता, १६५६ मध्ये दिवाळं निघालं तेव्हाच्या यादीत शंखही आहेत. १६५० मध्ये त्याने एकाच शिंपल्याचं छोटं एचिंग केलं, मार्बल कोन, काळ्यावर पांढरे ठिपके, हिंदी आणि प्रशांत महासागरातला, प्राणी जिवंत असताना विषारी. तांब्याच्या पत्र्यावर समोर दिसला तसाच कोरला, आणि छापताना चित्र उलटं होतं, त्यामुळे शंखाचा पीळ उलटा आला. सही मात्र उलटी कोरलीये, म्हणजे कागदावर ती सुलटी वाचता येते! तेव्हा ध्यानात नव्हतं म्हणावं तर सही सांगते की होतं, बहुधा शंखाचा पीळ त्याला महत्त्वाचाच वाटला नाही. आपल्याकडचा भटजी मात्र लगेच म्हणाला असता, अरे हा तर दक्षिणावर्ती, किती घेणार? कारण आपला दक्षिणावर्ती शंख म्हणजे नेमका हाच दुर्मिळ उलटा पीळ.

तिसरी घंटा | मंगळवार, सकाळी ७:३०

चित्रकार फाब्रिट्सियसचा गोल्डफिंच (साखळीने बांधलेला छोटा पक्षी) यात धरायचा का? जिवंत आहे म्हणून स्टिल लाइफ नाही असं एक मत ऐकलंय. मला तर वेनिक्सचा तितर आणि हा सख्खे भाऊ वाटतात, तीच पांढरट भिंत, तीच सावली.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ८:०५

धरायचाच, आणि दोघं एकाच म्युझियममध्ये आहेत. १६५४ चं आहे. पायातली साखळी बघा, इतकी बारीक की आधी दिसतच नाही. हे पक्षी पाळायचे कारण त्यांना साखळीला बांधलेलं अंगठ्याएवढं भांडं चोचीने ओढून पाणी वर काढायला शिकवता यायचं, घरातली करमणूक. चित्र झालं त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला डेल्फ्ट शहरातलं बंदुकीच्या दारूचं कोठार उडालं, त्यात फाब्रिट्सियस गेला, वय ३२. आता मामा म्हणतील पक्षी म्हणजे बंदिवान आत्मा.

खवचट मामा | मंगळवार, सकाळी ८:२०

म्हणणार होतो. राहू दे. त्यापेक्षा होंडेकूटरचा कोंबडा सांगा लोकांना.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ८:४५

हाहा. मेल्खियोर द होंडेकूटर, यान वेनिक्सचा मामेभाऊ, कोंबड्या-बदकं-मोरांचा बादशहा. हाउब्राकेन सांगतो की त्याच्याकडे एक शिकवलेला कोंबडा होता, ईझलपाशी जशी पोझ दिली तशी तो धरून उभा राहायचा. याचं 'तरंगतं पीस' राइक्सम्युझियममध्ये बघा, समोर पेलिकन, मागे परदेशी पक्ष्यांची गर्दी आणि पाण्यावर एकच पीस. मोठ्या साइजचे फोटो राइक्सम्युझियमच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतात, ऊनसावली, स्पेलिंग लागत नसेल तर चित्रकाराऐवजी प्राण्याच्या नावाने शोधा, लगेच सापडतं.

देवबागकर | मंगळवार, सकाळी ९:१५

ता सगळा झाला. त्या हेरिंगचा सांगा. तुम्ही थंयसर खाताव की नुसती चित्रा बघताव?

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ९:३०

खातो ना. जूनमध्ये नवा हेरिंग येतो, गाडीवर बारीक चिरलेल्या कांद्यासोबत देतात, शेपटीला धरून, मान मागे टाकून थेट तोंडात सोडायचा. शिजवत नाहीत, मिठात मुरवलेला असतो तेवढाच.

देवबागकर | मंगळवार, सकाळी ९:३२

तिरफळा नाय, कोकम नाय, तळूक सुद्धा नाय?? मगे ह्येंका चित्राच काढूक येतली.